शिवलेली पानं

दिवाळी आटोपली की लाखनीत हायवेच्या कडेनं धान वाळत पडतं. अर्धा रस्ता धानाचा आणि अर्धा गाड्यांचा, अशी वाटणी कोणी न सांगता होऊन जाते. ट्रकवाले कुरकुरतात, हॉर्न वाजवतात, पण चाक जरा बाजूनंच घेतात. वाचनालयाची खिडकी उघडली की वास आत येतो, ताज्या तणसाचा, थोडा धुळीचा, थोडा उन्हात तापलेल्या दाण्याचा. ग्रंथपाल म्हणून मी या खुर्चीत बसते त्याला आता बरीच वर्षं झाली. जड गाडी गेली की कपाटाच्या काचा वाजतात आणि नवा वाचक दचकून वर बघतो. मी बघत नाही. हा वास आला की मात्र माझं कामातलं लक्ष पार उडतं.

त्या वासात मी पुन्हा बारा वर्षांची होते. आंबागडच्या पायथ्याशी आमचं घर, पुढं मोठं अंगण, अंगणात पसरलेलं, लवकर पिकणारं हलकं धान, आणि हातात लांब बांबू घेऊन कोंबड्या हाकणारी मी. मांडीवर पुस्तक. वर बघितलं की किल्ल्याचा डोंगर, खाली बघितलं की अक्षरं. कोंबड्यांना माझं गणित बरोबर कळायचं. मी पान उलटायला लागले की त्या धानात शिरायच्या. एरवी अशा वेळी माय घरातून ओरडली असती आणि मागोमाग एक धपाटाही आला असता. त्या वर्षी ती ओरडत नव्हती. कोंबड्या पोटभर खाऊन जायच्या, माय दारातून बघायची आणि आत वळायची. मला धपाटा हवा होता, हे आज सांगायला काही वाटत नाही.

ते पुस्तक अजून माझ्याजवळ आहे. वाचनालयाचं नाही, माझं स्वतःचं, म्हणून ते कपाटात न राहता माझ्या खुर्चीमागच्या फळीवर असतं. मुखपृष्ठ कधीच गेलं, नावाचं पानही गेलं. बाइंडिंगवाल्यानं कोरा निळा पुठ्ठा लावून दिला, त्यामुळे आता त्याला ना नाव ना लेखक. ज्यांनी वाचलं ती पोरं त्याला 'तलाववालं पुस्तक' म्हणतात. कोणी विचारलं, 'ताई, लेकरांले वाचायले काही चांगलं सांगा', की माझा हात आधी त्या फळीकडे जातो. या वर्षी तो गेला आणि मध्येच थांबला.

त्याचं कारण वैशाली. ती आमच्या मागच्या गल्लीत राहते, औषधाच्या दुकानात काम करते. तिचा नवरा या उन्हाळ्यात अचानक गेला. बसल्याजागी. काही कळायच्या आत. मुलगी आरोही सहावीत आहे. धान रस्त्यावर यायला लागलं त्याच आठवड्यात मायलेकी वाचनालयात आल्या. आरोही मासिकांच्या टेबलाकडे गेली तशी वैशाली माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "ताई, हिले काहीतरी द्या वाचायले. शाळेतून आली का गुमान बसून राहते. पन रडू येईन असं काही नोको देजा. घरी मी तिच्यासमोर पप्पाचं नावच काढत नाही. फोटोबी आत ठेवून देल्ला."

"अन् ती?"

"तीबी नाही काढत. समजदार हाय माही पोरगी," वैशाली म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता आणि डोळ्यांखाली काळं होतं.

मी त्या दिवशी एक गमतीच्या गोष्टींचं पुस्तक दिलं. माकडं, चोर, विसराळू राजा, असलं. आरोहीनं 'थँक यू मावशी' म्हटलं आणि ते दप्तरात टाकलं. त्या गेल्यावर मी फळीवरच्या निळ्या पुठ्ठ्याकडे बघत बसले. पुस्तक सुचवणं हे फार निरुपद्रवी काम आहे असं लोकांना वाटतं. तसं ते नाही. चुकीचं औषध दिलं तर निदान दुकानदाराला कोणी जाब विचारतं. चुकीच्या वेळी चुकीचं पुस्तक दिलं तर पोर मुकाट्यानं ते परत करतं आणि पुन्हा वाचनालयाची पायरी चढत नाही. आरोही आधीच गप्प होती. ती आणखी गप्प झाली असती तर मी काय केलं असतं?

आता पुस्तकाबद्दल. गोष्ट कित्येक पिढ्यांपूर्वीची, आपल्या भागात गोंड राजांचं राज्य होतं तेव्हाची. कोणता राजा, कोणतं साल, ते पुस्तक सांगत नाही आणि मला त्यावाचून अडलंही नाही. एक कुटुंब दोन बैलगाड्यांत संसार भरून झाडीत येतं. बाप, माय, दहा-बारा वर्षांची रेवा, तिचा भाऊ डोमा आणि धाकटी चिमी. राजाचं सांगणं असं, की जंगल तोडून जो तलाव बांधेल त्यानं तलावाखालची जमीन कसावी. मग झाडं पाडायची, मुळं उपटायची, दोन टेकड्यांच्या मधे मातीची पाळ घालायची. सगळं घर टोपल्यांनी माती वाहतं. टाकलेली माती दाबायला बैलांना पाळीवरून पुन्हा पुन्हा फिरवतात, आणि चिमी त्या बैलांच्या मागं चालत आपल्या इवल्या पायांनी माती दाबते. पहिल्या पावसाळ्यात पाळ फुटते. दुसऱ्या वर्षी पुन्हा घालतात. मधे वाघ येतो, ताप येतो, मीठ संपतं. एका प्रकरणात नुसतं मीठ संपल्याचंच सांगितलं आहे आणि ते वाघाच्या प्रकरणापेक्षा जास्त थरारक आहे, असं पोरंच मला येऊन सांगतात.

आमच्याकडच्या मुलांनी हे वाचावं याला माझं एक साधं कारण आहे. ही मुलं रोज तलावाच्या पाळीवरून सायकलनं शाळेत जातात. सिंगाडे खातात, पाळीवर बसून सेल्फी काढतात. ती पाळ डोंगरासारखी मुळातच तिथं होती असं त्यांना वाटतं. कोणाच्या तरी आईनं डोक्यावर टोपली घेऊन ती उभी केली, हे पुस्तक वाचल्यावर त्यांच्या ध्यानात येतं. शहापूरचा एक मुलगा मला म्हणाला होता, "मावशी, आता पाळीवरून जातानी सायकल हळू चालवतो मी." तेवढ्यानंही मला बरं वाटलं.

पुस्तकात खोट नाही असं नाही. लेखक झाडीला सारखं 'ओसाड', 'निर्मनुष्य' म्हणतो. हे मला लहानपणी खटकलं नाही, आता खटकतं. जंगल ओसाड नव्हतंच. त्या कुटुंबाच्या गाड्या यायच्या कितीतरी आधीपासून तिथं गोंडांची गावं होती, त्यांचे देव होते, त्यांच्या वाटा होत्या. कुठला कंद खायचा, मोह कधी वेचायचा, कुठल्या नाल्याचं पाणी प्यायचं, हे रेवाच्या घराला शिकवते ती एक गोंडीण म्हातारी. ती नसती तर ते घर पहिल्याच उन्हाळ्यात संपलं असतं. आणि एवढ्या मोठ्या पुस्तकात त्या म्हातारीला नाव नाही. ती फक्त 'म्हातारी'. मी पुस्तक देताना आता मुलांना सांगते, वाचून झाल्यावर तिच्यासाठी एक नाव शोधून आणा. पोरं आणतात. कोणी आपल्या आजीचंच नाव देतं. हे काम लेखकानं करायला हवं होतं, त्यानं केलं नाही, तर आपण करू.

तर हे पुस्तक माझ्या मामानं आणलं. मामा शहापूरच्या शाळेत मास्तर, आणि भाऊबीजेला दरवर्षी मायकडे यायचा. त्या वर्षी तो आला तेव्हा आमच्या घरात सण नव्हता. श्रावणात माझी धाकटी बहीण गेली होती. सुमन तिचं नाव, आम्ही सुमी म्हणायचो. सहा वर्षांची होती. ताप आला, वाढला, नदीनाल्यांना पूर होता, रस्ता बंद होता, आणि रस्ता मोकळा होईपर्यंत ती राहिली नाही. त्यानंतर घरात कोणी तिचं नाव घेतलं नाही. कोणी ठरवलं नव्हतं. बाबा घेत नव्हते कारण माय ऐकेल. माय घेत नव्हती कारण मी ऐकेन. मी आणि मोठा भाऊ घेत नव्हतो कारण ते दोघं ऐकतील. तिचा फ्रॉक दांडीवरून कधी नाहीसा झाला ते मला दिसलं नाही. सगळे सगळ्यांना जपत होते, आणि त्या जपण्यानं घरात श्वास घेणं कठीण झालं होतं.

मामा बसमधून उतरून आला, पाणी प्यायला आणि लगेच म्हणाला, "बाई, पोती शिवाचं दाभन आन बरं." कापणीच्या दिवसांत दाभण घरोघरी हाताशी असतं. मायनं दाभण आणि दोरा दिला. मामानं ओट्यावर बसून पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि मधली काही पानं एकत्र धरून तो चक्क शिवायला लागला.

"मामा, तुम्ही काय करून राहिले?" मी विचारलं.

"पानं सुटून राहिली होती. पक्की करून देतो तुले," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

शिवून झाल्यावर पुस्तक माझ्या हातात दिलं. आठवं प्रकरण संपतं तिथून दहावं सुरू होतं तिथपर्यंतची पानं पोत्याच्या तोंडासारखी बंद होती. मामा म्हणाला, "तेवढी खराब हायेत. ती सोडून वाचजो." मास्तर माणूस, पण खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नाही. बसमध्ये वेळ जावा म्हणून त्यानं पुस्तक उघडलं होतं आणि तुमसर येईपर्यंत तो नवव्या प्रकरणाला पोचला होता, हे मला पुढं कळलं.

आता कापणीचं सांगते. आमच्या घरची एक रीत होती. गावात इतर कोणाकडे ती होती की नाही, मी कधी विचारलं नाही. तलावाखालच्या शेवटच्या बांधीत, म्हणजे खाचरात, उशिरा पिकणारं भारी धान असायचं, ते सगळ्यांत शेवटी कापायचं. कापत कापत बाया कोपऱ्यात आल्या की थांबायच्या. एक मूठ धान उभं ठेवायचं. मग बाबा धुऱ्यावर, खाचराच्या बांधावर, उभे राहून घरातल्या सगळ्यांत धाकट्या लेकराला हाक मारायचे. ते लेकरू पळत यायचं, बाबा त्याच्या हातावर हात ठेवून इळा धरायचे आणि ती शेवटची मूठ कापली जायची. त्या लोंबांची जुडी दाराच्या वर बांधायची. मिरग लागला, रोपांसाठी पऱ्हे टाकायची वेळ आली की जुडी खाली काढून ते दाणे बियाण्यात मिसळायचे. म्हणजे यंदाची शेवटची मूठ पुढच्या वर्षीच्या सगळ्या शेतात जायची.

माझ्यानंतर सुमी झाली तेव्हा माझा तो मान गेला आणि मी खूप रडले होते, असं माय सांगायची.

त्या वर्षी बाया कापत कापत कोपऱ्यात आल्या. रीतीप्रमाणे थांबल्या. एक मूठ उभी राहिली. बाबा धुऱ्यावर चढले, सवयीनं छाती भरून घेतली, तोंड उघडलं. आणि तसेच राहिले. मी तिथंच कापून पसरलेल्या धानाच्या कडपांच्या बाजूला उभी होते. बायांनी माना खाली घातल्या. मला हाक मारली असती तर सुमी नाही असं म्हटल्यासारखं झालं असतं. बाबांनी तोंड मिटलं, धुऱ्यावरून उतरले आणि म्हणाले, "चला, घरी चला. ऊन होऊन राहिलं."

ती मूठ तशीच उभी राहिली. कडपा वाळल्या, भारे बांधून झाले, खळ्यावर त्या भाऱ्यांचे उंच पुंजणे लागले, सगळी बांधी रिकामी झाली आणि कोपऱ्यात तेवढं धान उभं. येता-जाता ते दिसायचं. दाणे पिकून गळायला लागले, पाखरं यायची. कोणीच त्याबद्दल बोललं नाही. आम्ही बोलत नव्हतो अशा गोष्टींत आणखी एकीची भर पडली.

मी अंगणात बसून पुस्तक वाचायची. माय सूप घेऊन धान पाखडायची. तिला वाचता येत नव्हतं. एका दुपारी मी उगाचच मोठ्यानं वाचायला लागले, घर फार शांत होतं म्हणून असेल. मायच्या सुपाचा आवाज हलका झाला. दुसऱ्या दिवशी तिनं सूप माझ्याजवळ आणून ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती पुस्तकातल्या माणसांना बोल लावायला लागली. पाळ फुटल्यावर रेवाची माय कपाळाला हात लावून बसते, तिथं आमची माय म्हणाली, "बसून काहून राहिली वं बाई? उठ, चूल पेटव. लेकरं उपाशी हायेत." तिचा तो जुना दणका ऐकून मला इतका आनंद झाला की मी तीच ओळ पुन्हा वाचली. चिमी बैलांच्या मागं पाय आपटत चालते तिथं माय हसली. मी मान वर केली नाही, तिनं हसणं थांबवू नये म्हणून.

आठवं प्रकरण संपलं. त्यात चिमी गाडीच्या दांडीवर बसून पाय हलवते आहे आणि पाऊस सुरू आहे. मी शिवलेली पानं ओलांडून दहावं सुरू केलं. रेवाची माय भात वाढते. बापाला वाढते, डोमाला वाढते, रेवाला वाढते, स्वतः घेते.

सूप थांबलं.

"अन् चिमी?" मायनं विचारलं.

"चिमी नाही यात."

"नाही म्हंजे? कुठं गेली?"

"माहीत नाही. मधली पानं शिवली हायेत. मामानं शिवली."

मायनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं. अक्षरांकडे बघितलं नाही, दोऱ्यावरून बोट फिरवलं. टाका पोत्याचा होता, तो तिला वाचता येत होता. आपल्या भावानं घरात आल्या आल्या दाभण का मागितलं ते तिला तेव्हा उमगलं असणार. ती उठली, आत गेली आणि इळा घेऊन आली. मी घाबरले. तिनं पुस्तक मांडीवर धरलं, इळ्याचं टोक दोऱ्याखाली घातलं आणि एकेक टाका कापला. पान फाटू दिलं नाही. मग पुस्तक माझ्यापुढं केलं.

"वाच."

मी वाचलं. दुसऱ्या पावसाळ्यात चिमीला ताप येतो. आधी तिच्या पायातलं बळ जातं, मग बोलणं जातं. बाप तिला मोहाच्या झाडाखाली पुरतो आणि पुन्हा पाळीवर माती टाकायला जातो, कारण पाऊस थांबणार नसतो. रेवाची माय रडत नाही. दिवसामागून दिवस जातात, ती टोपली उचलते, टाकते, उचलते, टाकते. कोणी चिमीचं नाव घेत नाही. मग ती म्हातारी जंगलातून येते, रेवाच्या मायजवळ जमिनीवर बसते. बराच वेळ बसते. कंद आणलेले असतात ते बाजूला ठेवते आणि विचारते, 'पोरीचं नाव काय होतं?'

मी तिथं थांबले. पुढची ओळ दिसत होती पण वाचवेना. अंगणातल्या धानाकडे बघत आमची माय म्हणाली, "सुमन."

श्रावणानंतर पहिल्यांदा ते नाव आमच्या घरात ऐकू आलं. मग माय रडली. आवाज करून, पदर बाजूला पडला तरी न सावरता. मला आधी भीती वाटली, मग मीही रडायला लागले. कोंबड्यांनी ती दुपार आपली मानली आणि अर्धं अंगण साफ केलं. बाबा शेतावरून आले, फाटकाशी थबकले, आमच्याकडे बघितलं, उघड्या पुस्तकाकडे बघितलं. ओट्यावर बसले. मग म्हणाले, "सुमी असती तं एक कोंबडी येऊ नसती देल्ली तिनं." माय रडता रडता हसली. खरंच होतं ते. सुमी कोंबड्यांचा कर्दनकाळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय मला घेऊन तलावाखालच्या बांधीत गेली. पाळीवर धुकं होतं. कोपऱ्यातल्या मुठीतले निम्मे दाणे पाखरांनी नेले होते. माय खाली बसली, त्या लोंबांवरून हात फिरवला.

"मागच्या साली मूठ सुमीनंच कापली होती," ती म्हणाली. "तेच दाने मिरगात बियान्यात मिसळले. एवढं सारं धान पिकलं, त्याच्यात तिच्या हातचं हाय. भाऊ पानं शिवून काय करन?"

मग तिनं इळा माझ्या हातात दिला. "आता धाकटी तू. काप. कापतानी तिचं नाव घे."

मी घेतलं. मायनं माझ्या हातावर हात ठेवला. पाखरांनी खाऊन उरलेल्या लोंबांची ती जुडी दारावर फार लहान दिसायची. पण दिसायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माय सांगायची, ही सुमनची आहे. मामा पुन्हा आला तेव्हा मायनं त्याला वाढता वाढता म्हटलं, "भाऊ, पोती शिवत जा. पुस्तक नोको शिवू." मामानं मान खाली घालून भात कालवला. त्याच्यावर कोणी रागावलं नाही. त्यानंही जपलंच होतं, आमच्यासारखंच.

आता आमच्या शेतात हार्वेस्टर येतो. आम्ही कितीक दिवस कापायचो ते शेत चहा होईपर्यंत मोकळं होतं. पण यंत्राला बांधीच्या कोपऱ्यात वळता येत नाही, कोपरा अजूनही हातानंच कापावा लागतो. त्यामुळे शेवटची मूठ टिकली. भावाची नात ती कापते. काही दिवसांपूर्वी त्याचा फोन आला होता, "बाई, मूठ कापली वं आज. तिनं सुमीचंबी नाव घेतलं. शिकवाव नाही लागलं, तिले पाठच हाय." जिनं सुमीला कधी बघितलं नाही, तिच्या तोंडी ते नाव आहे. फोन ठेवल्यावर मी फळीवरचं निळं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

तरी मन खात होतं. बहीण वेगळी, बाप वेगळा. मला माझ्या मायनं वाचायला सांगितलं होतं, ती जवळ बसली होती. इथं आईनं स्पष्ट सांगितलेलं, रडू येईल असं नको. परक्या घरातला दोरा आपण कापावा का? बाइंडिंगवाल्यानं मागे विचारलं होतं, मॅडम, मधल्या पानांना भोकं पडली आहेत, चिकटपट्टी लावून बुजवू? मी नको म्हटलं होतं. भावाचा फोन आला त्या दिवशी ती पानं उजेडात धरली तर भोकांतून खिडकी दिसत होती.

आरोही माकडांचं पुस्तक परत करायला एकटीच आली. आवडलं का विचारलं तर 'हो' म्हणाली, म्हणजे नाही. मी निळं पुस्तक पुढं केलं आणि जे आहे ते सांगितलं. "हे तलाव बांधणाऱ्या घराचं पुस्तक आहे. यात वाघ आहे. आणि नवव्या प्रकरणात एक जण मरतं. वाचायचं की नाही ते तू ठरव." तिनं माझ्याकडे नीट बघितलं. इतक्या दिवसांत तिच्यासमोर 'मरतं' हा शब्द कोणी उच्चारला नसावा. पुस्तक घेतलं आणि दप्तरात न टाकता हातात धरून गेली.

मधले दिवस माझे काही बरे गेले नाहीत. वैशाली रस्त्यानं जाताना दिसली तरी मी आत वळायची.

मग काल संध्याकाळी आरोही आली. पुस्तक टेबलावर ठेवलं, नववं प्रकरण उघडलं. "मावशी, हे भोकं कायचे हायेत?"

मी तिला सांगितलं. मामा, दाभण, इळा, सुमी, सगळं. ती उभ्याउभ्या ऐकत राहिली. डोळे भरलेले नव्हते. काहीतरी ठरवणाऱ्या माणसाचा चेहरा होता.

"हे पुस्तक मम्मीले देऊ का मी?" तिनं विचारलं. "पन तिले झेपन का? मी घरी पप्पाचं नाव नाही घेत. तिले रडू येईन म्हनून."

माझ्यापुढं मायलेकी दोघी येऊन गेल्या होत्या, आणि दोघींनी मला एकच गोष्ट विचारली होती.

"देऊ नको," मी म्हटलं. "वाचून दाखव. जवळ बसून."

"अन् त्या म्हातारीपाशी आल्यावर?"

"तिथं थांब."

तिनं पुस्तक उचललं. बाहेर वैशाली स्कूटी चालू ठेवूनच तिची वाट बघत होती, धानाच्या आणि गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. आरोही मागं बसली. मी खिडकीतून बघत होते. तिनं घरी पोचायचीही वाट बघितली नाही. आईच्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि काहीतरी बोलली, छोटंसंच, एखाद्या नावाएवढं.

वैशालीनं गाडी बंद केली.